गाळ नसलेला सेन्सर

१

स्वीडनमधल्या लोमशेन तळ्याने आल्वारला आधी परत दिलं आणि गाडी नंतर. आल्वारला थडग्यापर्यंत न्यायला सगळं गाव तयार होतं. गाडी शर्यत-मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि तिथे तिच्याकडे बघायला फक्त गुनवोर उरली.

गुनवोर मंडळाची गाडी-तपासनीस होती. त्याआधी तीस वर्षं तिने गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे अर्धं गाव तिला अजून 'बाई' म्हणे आणि तिच्यासमोर खोटं बोलताना अडखळे. गोठलेल्या तळ्यावरच्या शर्यतीत माणूस गेला की कारण लिहून द्यावं लागतं, आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. गावाने कारण आधीच ठरवून टाकलं होतं: इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्या वर्कशॉपवाल्या इल्वाने लिहिला, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापून वितळला, इंजिन जाम झालं, गाडी घसरली ती थेट ओढ्याच्या तोंडाशी, जिथे बर्फ पातळ असतो. गुनवोरने खाली फक्त सही करायची, एवढंच बाकी होतं.

आल्वारचा जन्माचा दोस्त आणि मेकॅनिक होल्गेर तिच्यासाठी दिवा धरून उभा होता. पिस्टनला भोक होतं, त्यात वाद नव्हता.

"त्या दिवशी अंतिम फेरीआधी बॉनेट उघडलं होतं का रे?" तिने विचारलं.

"नाही. इतक्या थंडीत कोण उघडतंय?" होल्गेर म्हणाला.

गुनवोर एकेक जोड सोडवत गेली. प्रत्येक प्लगमध्ये, प्रत्येक नळीत तळ्याचा करडा गाळ बसला होता. मग ती दाबाच्या सेन्सरपाशी आली. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर बसवलेला, काडेपेटीएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा. टर्बो किती हवा कोंबतोय ते हा कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल सोडतो. तिने तो उपसून काढला आणि त्याच्या नाकात काडी घातली. काडी स्वच्छ बाहेर आली.

सेन्सरच्या रबरी कडीला पांढरट वंगण लावलेलं होतं. तिने वास घेतला. ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. बाहेर तळ्याचा बर्फ दुपारच्या उन्हात लांबवर कण्हला. गुनवोरने सेन्सर खिशात टाकला. सबंध इंजिन दोन दिवस तळ्याच्या पोटात होतं, आणि हा एवढासा तुकडा तिथे गेलाच नव्हता.

२

इल्वाच्या वर्कशॉपचं दार अर्धं उघडं होतं. गाड्या उचलायची लिफ्ट दोन भागांत सुटी करून ठेवलेली. इल्वा कागदी कपात थंड कॉफी घेऊन बसली होती. पस्तिशीची बाई, पण महिनाभराच्या तापातून उठल्यासारखी दिसत होती.

लिफ्ट विकली का, असं गुनवोरने विचारलं. शुक्रवारी माणूस न्यायला येणार होता. इंजिनाला आपण पुन्हा हात लावणार नाही, असं इल्वा म्हणाली. गावातल्या दुकानात कुणी तिच्याशी वाकडं बोललं नव्हतं. बोलणं थांबायचं, इतकंच. आमच्या भागात माणसाला वाळीत टाकायला याहून जास्त काही लागत नाही.

"बर्फ कण्हतो ना बाई, त्यात मला त्याचं इंजिन ऐकू येतं," ती म्हणाली. "आधी चढतं, मग मध्येच गळा धरल्यासारखं होतं. मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, निदान झोप लागली असती."

गुनवोरला वाईट वाटलं. ही पोरगी वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा करून बघायची. तिने खिशातला सेन्सर टेबलावर ठेवला. इल्वाने भिंग काढून त्याच्या कडेचे बारीक आकडे वाचले.

"हाच. तीनचा. मीच बसवला होता."

मग गुनवोरच्या सांगण्यावरून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. आल्वारकडे आधी अडीचचा होता, म्हणजे अडीच दाबापर्यंतच मोजणारा. बाहेरच्या हवेचाच दाब एक धरायचा, त्यावर टर्बो कोंबतो तो वेगळा. आल्वारची गाडी एकूण दोन-सहापर्यंत जायची. अडीचचा सेन्सर तिथे पोचला की आंधळा होतो. वर किती हवा आली ते त्याला कळतच नाही. म्हणून तीनचा.

"मग सरळ चारचाच का नाही घ्यायचा?"

"पातेलंभर माप घेऊन चमचाभर दूध मोजायला जाल का? खालचे बारीक फरक कळत नाहीत. आणि घेतलाच तर प्रोग्रामही चारचा लिहावा लागतो. दिसायला दोन्ही अगदी सारखे, प्लगही तोच. पण कॉम्प्युटर तीनचा समजून चारच्याचं ऐकायला लागला, तर त्याला खऱ्याच्या पाऊणपटच दाब दिसणार, आणि पेट्रोलही तो तेवढंच कमी सोडणार." ती थांबली. "म्हणून मी आल्वारला पढवून ठेवलं होतं. चावी फिरव, इंजिन बंद असताना पडद्यावरचा आकडा बघ. बाहेरची हवा दिसली पाहिजे. शंभर, एकशे एक; पडदा एकाचे शंभर दाखवतो. नसेल तर खाली उतर."

"आणि तो बघायचा?"

"दर वेळी. हट्टी होता, पण मूर्ख नव्हता."

मग त्या दिवशी पडद्यावर काय होतं, हे एकाच जिवंत माणसाला ठाऊक असणार होतं. अंतिम फेरीआधी रांगेत आल्वारच्या शेजारी त्याची मुलगी तीरा बसलेली असायची.

३

तीराच्या स्वयंपाकघरात शनिवारच्या तयारीचा पसारा होता. बापाच्या दफनानंतरच्या कॉफीला सात प्रकारची बिस्किटं हवीत, सहा करून चालत नाही, म्हणून ती पीठ मळत होती आणि मळता मळता रडत होती. गुनवोरने न विचारताच बाह्या वर केल्या आणि लाटणं हातात घेतलं.

इल्वाचा विषय निघताच तीराचे हात थांबले. तिच्याबद्दल काही वाईट बोलायचं नव्हतं, पण तिला शनिवारी बोलावलंही नव्हतं. अंतिम फेरीआधी बाबांनी तिला सॉसेज आणायला पाठवलं होतं, ती परत आली तेव्हा गाडी सुरू व्हायला कुरकुर करत होती, दोन-तीनदा खोकली, होल्गेरकाका म्हणाले बॅटरी गारठलीय. एवढंच. गुनवोरने पडद्यावरचा आकडा विचारला, आणि तीरा खुर्चीवर बसली.

"हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही विज्ञानवाल्या, हसाल."

"नाही हसणार."

"बाबांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नसे, आणि हेल्मेटमध्ये चष्मा घालत नसत. दर वेळी मी वाचून दाखवायची. त्या दिवशी इंजिन सुरू व्हायच्या आधी म्हटलं, शहात्तर." तिने पिठाचे हात मांडीवर ठेवले. "मला वाटलं उतरतील. ते उतरले नाहीत. मग हसले, बाई, लहान पोरासारखे. म्हणाले, 'सिक्स्टेन आलाय. आज तो माझ्याबरोबर येणार.' मला उतरवलं आणि गेले."

गुनवोरच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. सिक्स्टेन आल्वारचा थोरला भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी याच तळ्यात, याच ओढ्याच्या तोंडाशी बुडाला. त्याच्या गाडीच्या दारावर लाल रंगात शहात्तर लिहिलेलं होतं. तो रंग द्यायला ब्रश गुनवोरने धरला होता. सलग तीन उन्हाळे ती त्याच्याबरोबर नाचली होती, आणि चौथा आलाच नाही. तिने नंतर लग्न केलं नाही; गावाने कारणं काढली, आणि त्यातलं एक खरं होतं.

"त्याने बोलावलं असेल ना, बाई?" तीरा म्हणाली. "मला तेच बरं वाटतं. एकटे नव्हते गेले."

गुनवोर तिच्याशी खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही. गाडीत येऊन बसली. चावी फिरवायचं भान नव्हतं. कितीतरी वेळ ती नुसती घाबरून बसली होती, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी. तळं झाडांमागे पांढरं पसरलं होतं आणि ते आपल्यालाही नावाने हाक मारील असं तिला वाटत होतं.

मग वर्गात फळ्यासमोर उभं राहण्याची जुनी सवय कामाला आली. इंजिन बंद, म्हणजे पडद्यावर बाहेरची हवा. शहात्तर दाबाची हवा स्वीडनमधल्या सगळ्यात उंच डोंगराच्याही वर असते. गाडी तर तळ्यावर उभी होती. तिथे एकशे एक हवं. आणि एकशे एकची पाऊणपट किती?

शहात्तर.

भुताला काय हवं ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्याला पाऊणकी येत असेल असं तिला वाटेना. आल्वारच्या गाडीत त्या वेळी चारचा सेन्सर होता. सगळ्या मंडळात चारचा एकच माणूस वापरत होता.

४

रूने पाच वर्षं आल्वारच्या मागे दुसरा येत होता, आणि सहाव्या वर्षी पहिला येण्याची त्याने आशा सोडली नव्हती. त्याची गाडी जास्त हवा कोंबायची, पण वळणावर आल्वार त्याला खात असे. गोठ्याशेजारच्या गॅरेजमध्ये त्याने गुनवोरला बसायला उलटी बादली दिली आणि दोन प्रश्नांतच तिचा रोख ओळखला.

"मी बुडवला म्हणताय का त्याला? बाई, तो गेल्यापासून मला गाडीकडे बघवत नाही. मी आता हरवू कुणाला?"

हे तो मनापासून बोलत होता. गुनवोरने त्याला सुट्या भागांचा खोका उघडायला सांगितला. बर्फावर शर्यत असली की प्रत्येकाचा खोका ट्रेलरवर उघडा असतो. ज्याला जे लागेल ते त्याने उचलायचं. प्रतिस्पर्ध्यानेही. मालकाने 'कशाला हवं' असं विचारायचं नाही, आणि परत करताना सोबत कॉफीचं एक पाकीट ठेवायचं. या रिवाजाचा आमच्या लोकांना फार अभिमान. अडलेल्याला 'नाही' म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी एकटाच जेवतो.

"जादा सेन्सर होता तुझ्याकडे, चारचा?"

"होता. शर्यतीनंतर दिसला नाही. मग परवा परत आला, कॉफीसकट." त्याने तो खोक्यातून काढून तिच्या हातात दिला. बाहेरून पुसून लख्ख केलेला होता. गुनवोरने काडी घेऊन त्याच्या नाकात घातली. काडीला करडा, बारीक गाळ लागून आला.

रूनेला समजायला वेळ लागला नाही. तो खाली बसला.

"म्हणजे माझ्या खोक्यातला भाग…"

"कोणी ठेवला परत?"

"कोणी विचारतं का? आलो तेव्हा खोक्यावर होता." मग तो हळूच म्हणाला, "मी हाताने दिला असता तर सांगितलं असतं, हा चारचा आहे म्हणून. एवढं एक वाक्य, बाई."

गुनवोर उठली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं सारं गाव करत बसलं होतं, आणि त्या म्हणीतला मलम शब्द मनात येताच ती जागच्या जागी थांबली. रबरी कडीचा वास तिला ओळखू आला. गाईच्या सडांना लावायचं मलम.

"रूने, तुझ्या गाईंना तू सडांचं मलम लावतोस?"

"आता फवारा असतो. ते जुनं डबीतलं आता गाईंना कोण लावतंय?" तो म्हणाला. "माणसं लावतात. हात फुटलेली."

५

होल्गेर आपल्या पडवीत लाकडं रचत होता. गुनवोरला पाहून त्याने हातमोजे काढले आणि हात पुढे केला. हिवाळाभर त्याच्या बोटांना भेगा पडत, आणि हिवाळाभर त्या हातांना तोच वास यायचा. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तो वास नाकात इतका मुरला होता की शेडमध्ये नेमका तोच तिला आठवला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिने हात सोडला नाही.

"रबराच्या कड्यांनाही तेच लावतोस ना तू?"

होल्गेरने दुसरा हात लाकडांच्या ढिगावर टेकवला. नाही म्हणायचा प्रयत्न त्याने केला, पण तिने दोन सेन्सर त्याच्यासमोर ठेवले: बुडालेल्या गाडीतला स्वच्छ, आणि कोरड्या खोक्यातला गाळाने भरलेला. मग तो बोलू लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना.

फेऱ्यांच्या मध्ये नळीतलं पाणी गोठलं आणि सेन्सर बंद पडला. आल्वार हेल्मेट चढवून बसलेला, रांग पुढे सरकत होती. होल्गेरने धावत जाऊन रूनेच्या खोक्यातून तसाच दिसणारा उचलला. कडेचे आकडे त्याने बघितलेच नाहीत. काचेसारखी थंडी, डोळ्यांत पाणी. गाडी खोकली, पण चालू झाली. आल्वारने त्याच्याकडे बघून अंगठा दाखवला आणि गेला. दफनाची तारीख ठरली त्या दिवशी पेट्रोल कमी पडल्याचं लोक बोलायला लागले, तेव्हा होल्गेर भिंग घेऊन शेडमध्ये गेला. शेडची किल्ली वळचणीला असते, हे कुणाला ठाऊक नाही? कडेला चार होतं. जुना सेन्सर त्याच्या कोटाच्या खिशात होता, आतला बर्फ वितळून सुकलेला. त्याने तो परत बसवला. कडीला मलम लावून, नीट. सवयीने.

"चारचा तळ्यात का नाही फेकलास?" गुनवोरने विचारलं.

"रूनेचा होता." त्याला हा प्रश्न विचित्र वाटला. "दुसऱ्याची वस्तू कशी ठेवून घेऊ? घरात होता तोवर मला भिंतीतून टकटक ऐकू यायची, गुनवोर. खरंच सांगतो. पाण्याखालून कोणी काच वाजवावी तशी."

"आणि इल्वा?"

त्याने ढिगातलं एक लाकूड सरळ केलं. मग म्हणाला, "ती तरुण आहे. वाटलं, सावरेल. मला आल्वारशिवाय कोण होतं? गावाने तोंड फिरवलं तर मी जाऊ कुठे?"

गुनवोरला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा मनस्वी रागही आला. चूक त्याने घाईत केली होती. ती त्याला अपघातच म्हणाली असती. पण शेडमधलं काम त्याने शांतपणे केलं होतं, एका पोरीचं आयुष्य पुसून टाकत, मलम लावून.

"मी लिहिणारच आहे," ती म्हणाली. "पण माझा कागद कपाटात जाईल. गावाने तिला तोंडाने मारलंय, तर तो डाग तोंडानेच उतरवायला हवा. शनिवारी सगळे असतील, तिथे तू उठून सांग."

"गुनवोर, आल्वारच्या दफनाच्या दिवशी?"

"हो. त्याच दिवशी. आणि त्याआधी तीराला सांग, माणसांसमोर तिला पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस."

६

चर्चजवळच्या सभागृहात कॉफी, सँडविचचे थर रचून केलेला मोठा खारा केक आणि सात प्रकारची बिस्किटं मांडली होती. रिवाजाप्रमाणे एकेकाने उठून आल्वारबद्दल चार शब्द बोलायचे होते. रूने बोलला. पाद्री बोलला. इल्वा बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून होती. गुनवोरने तिला आणलं होतं, पण आत यायला ती तयार नव्हती. गुनवोर खिडकीशी बसली. तिथून तिला दोन्हीकडे दिसत होतं, आणि होल्गेर उठेल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

होल्गेर उठला. त्याने आल्वारची गंमत सांगितली नाही. गोठलेला सेन्सर, रूनेचा खोका, चारचा आकडा, शेडमधलं बॉनेट, सगळं ओळीने सांगितलं, खाली बघत. "प्रोग्राममध्ये काही चूक नव्हती," तो म्हणाला. "ते मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला तिचं नाव घेऊ दिलं."

चमचे वाजायचे थांबले. कोणी त्याला बस म्हणालं नाही आणि तो आपण होऊन बसेना. दुकानात जसं बोलणं थांबायचं तसंच थांबलं, फक्त या वेळी त्याच्यासाठी.

तीरा उठली. तिला सकाळी त्याने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं, आणि तिचे डोळे सुजलेले होते. बाबा एकटेच गेले, हे तिला आजच कळलं होतं. ती कोट न घालता बाहेर गेली. गुनवोरने खिडकीतून पाहिलं: तीराने गाडीचं दार उघडलं, काहीतरी म्हणाली, मग दोघी बर्फात तशाच उभ्या राहिल्या. किती तरी वेळ. मग तीरा तिला हाताला धरून आत घेऊन आली आणि घरच्यांच्या टेबलाशी, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

सगळे इल्वाकडे बघत होते. ती होल्गेरकडे बघत होती. म्हातारा अजून उभाच होता, फुटलेले हात त्याने कोटाच्या शिवणीशी धरले होते.

"मी आज तुम्हाला माफ करणार नाही," इल्वा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण कोपऱ्यापर्यंत गेला. "कधी करीन, करीन की नाही, ते मला माहीत नाही."

होल्गेरने मान हलवली.

"पण असे उभे राहू नका. बसा. कॉफी थंड होतेय." तिने किटली उचलली आणि त्याचा कप भरला.